धूळ पुसण्याआधी

जानेवारी २०१६. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या किसिमी गावी जुन्या गाड्यांचा मोठा लिलाव भरला होता. एकामागून एक चकचकीत गाड्या येत होत्या. त्यांत एक लाल गाडी अशी आली की, बघणाऱ्याला वाटावं, ही चुकून इथे आली असेल. अंगावर धुळीचा थर, रंग उडालेला, पत्र्यावर गंज. ती होती १९६९ सालची डॉज चार्जर डेटोना. अलाबामा राज्यातल्या ग्लेनवूड या लहानशा गावात, एका गोठ्यात ती कित्येक वर्षं पडून होती. धूळ न पुसता तशीच ती लिलावात आणली आणि ९०,००० डॉलरची बोली लागून गेली.

मंडळाच्या बैठकीत मी ही हकिगत सांगितली तेव्हा पहिला प्रश्न आला, "अरे, निदान धुवायची तरी!" दुसरा प्रश्न, "धुतली असती तर जास्त पैसे नसते का आले?" प्रश्न रास्त आहे. हा लेख त्याचं उत्तर म्हणून लिहितोय. मी साहित्याचा विद्यार्थी, पण सुट्ट्या मामांच्या उद्यमबागेतल्या गॅरेजमध्ये गेल्या आहेत, त्यामुळे पाना आणि पुस्तक दोन्ही थोडंथोडं हाताळलंय. आणि या गाड्यांबद्दल वाचताना मला सारखं वाटत राहिलं की हा विषय साहित्याच्या विद्यार्थ्यांचाही आहे.

मसल कार म्हणजे काय आणि ती गोठ्यात कशी गेली?

'मसल' म्हणजे स्नायू. मध्यम आकाराच्या, साध्या घरगुती गाडीच्या सांगाड्यात मोठ्या गाडीचं आठ सिलेंडरचं दांडगं इंजिन बसवायचं आणि किंमत तरुण नोकरदाराला परवडेल अशी ठेवायची, ही त्यामागची युक्ती. १९६४ सालच्या पाँटिॲक जीटीओपासून ही लाट सुरू झाली असं बहुतेक जाणकार मानतात. इंजिन किती मोठं, याचा अंदाज यावा म्हणून आपल्याकडचं उदाहरण देतो. त्या काळातल्या आपल्या ॲम्बॅसॅडरचं इंजिन १४८९ सीसीचं, म्हणजे जेमतेम दीड लिटरचं होतं. वर सांगितलेल्या डेटोनाचं इंजिन ७.२ लिटरचं. जवळजवळ पाचपट!

डेटोना ही तर शर्यतीसाठीच जन्मलेली. पुढे निमुळतं लांब नाक आणि मागे दोन खांबांवर उभा केलेला, साधारण दोन फूट उंचीचा पंख. वेगात गाडी जमिनीला चिकटून राहावी म्हणून हा सगळा खटाटोप. शर्यतीच्या नियमानुसार अशा गाड्या सामान्य ग्राहकांनाही विकणं भाग होतं, म्हणून सुमारे ५०० गाड्या रस्त्यावर आल्या. मार्च १९७० मध्ये बडी बेकर या चालकाने तालाडेगाच्या धावपट्टीवर डेटोनामधून ताशी २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटरची मर्यादा ओलांडली. पण शोरूममध्ये लोक तिच्याकडे बघून हसायचे. एवढा पंख लावून बाजारात भाजी आणायला कोण जाणार? ग्लेनवूडची गाडी एका न्यायाधीशाने म्हणे बायकोला भेट म्हणून घेतली होती.

ही मौज फार टिकली नाही. १९७० सालच्या कायद्याने धुराचे नियम कडक झाले, इंजिनांची ताकद कमी करावी लागली. विमा कंपन्यांनी अशा गाड्यांचे हप्ते वाढवले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि पेट्रोलसाठी रांगा लागल्या. कालपर्यंत जिच्यावर जीव टाकला, ती गाडी आता नुसती पेट्रोल पिणारी ब्याद झाली. विकायला काढली तर कोणी पैसे देईना. मग ती गेली 'बार्न'मध्ये.

हे बार्न म्हणजे आपला चार गुरांचा गोठा नाही. गोठा, गवताची माडी आणि धान्याचं कोठार एकाच छपराखाली आणल्यासारखी ती प्रचंड लाकडी इमारत असते. अमेरिकेच्या खेड्यांत जागेला तोटा नाही. एका कोपऱ्यात गाडी लावली, वर ताडपत्री टाकली, पुढे गवताचे भारे रचले, की दोन-तीन दशकं तिची आठवणही येत नाही. पुढे म्हातारा मालक जातो, शेत विकायला निघतं, दार उघडतं. अशा गाडीला तिकडे 'बार्न फाइंड' म्हणतात.

नुसतं ठेवणं म्हणजे जपणं नव्हे

आपली एक भाबडी समजूत असते की वापरली नाही की वस्तू नवी राहते. गाडीच्या बाबतीत हे साफ खोटं आहे. मामा म्हणतात, "चालती गाडी झिजते, उभी गाडी सडते." त्यात फरक आहे. झिजलेलं बदलता येतं, सडलेलं शोधत बसावं लागतं.

उभ्या गाडीत काय काय होतं ते बघा. पेट्रोलचा चिकट, व्हार्निशसारखा थर होतो आणि कार्बोरेटरची बारीक भोकं बुजतात. टाकीला आतून गंज चढतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि चाकाजवळचे सिलेंडर जाम होतात. रबरी नळ्यांना भेगा पडतात, टायर एका बाजूला चपटे होतात. इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलेंडरच्या भिंतीला चिकटून बसतात. उंदीर सीटच्या कापसात संसार मांडतात आणि वायरी कुरतडतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खालची मातीची जमीन. तिच्यातून सतत वर येणारी ओल गाडीचा तळ खालून खात राहते. वरून गाडी ठणठणीत दिसते, आणि जॅक लावायला जावं तर जॅक पत्र्यातून आरपार वर येतो.

नेब्रास्का राज्यातल्या पिअर्स या गावी एका शेव्हरोले विक्रेत्याने दशकानुदशकं न खपलेल्या आणि ग्राहकांकडून बदल्यात आलेल्या गाड्या साठवून ठेवल्या होत्या. सप्टेंबर २०१३ मध्ये सुमारे ५०० गाड्यांचा लिलाव झाला. त्या सगळ्या काही मसल कार नव्हत्या, पण काही गाड्या जेमतेम एक-दोन मैल चाललेल्या होत्या. म्हणजे कारखान्यातून निघून दुकानात पोचलेल्या, आणि बस्स! १.३ मैल चाललेल्या १९५८ सालच्या एका पिकअपला १,४०,००० डॉलर आले. पण तिथेही कितीतरी 'नव्या' गाड्या उघड्यावर गंजून गेल्या होत्या, त्यांच्याभोवती झाडं वाढली होती. मीटरवर एक मैल आणि तळाला भोकं! जपणुकीला इच्छा पुरत नाही, कोरडी जमीन आणि शाबूत छप्परही लागतं.

दार उघडल्यावर

आता समजा, अशी गाडी सापडली. माणसाच्या मनात दोन ऊर्मी एकदम येतात. एक, बॅटरी लावून सेल्फ मारून बघू. दोन, पाणी आणि फडकं आणा रे!

दोन्ही ऊर्मी आवराव्या लागतात. सेल्फ मारला तर चिकटलेल्या रिंगा तुटू शकतात, सिलेंडरला ओरखडे पडू शकतात, टाकीतला गंज थेट कार्बोरेटरमध्ये जातो. तीस वर्षांत जे बिघडलं नाही ते तीस सेकंदांत बिघडतं. म्हणून जाणकार मिस्त्री आधी स्पार्क प्लग काढतो, प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडतो आणि चार-आठ दिवस तसंच राहू देतो. मग पुढच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने हलकेच फिरवून बघतो. फिरलं तर ठीक. अडलं तर जोर करत नाही. जुनं पेट्रोल, जुनं तेल काढून टाकतो आणि ब्रेक उघडून बघितल्याशिवाय गाडी स्वतःच्या बळावर हलवत नाही.

धुण्याची घाई का करायची नाही, ते थोडं बारकाईने सांगायला हवं. गाडी जिथे आहे तिथेच, धुळीसकट, सगळ्या बाजूंनी फोटो काढतात. कारण धूळही काही सांगत असते. सगळीकडे सारखी बसलेली धूळ म्हणजे गाडी खरोखर बराच काळ हललेली नाही. एकाच दारावर बोटांचे ठसे असतील, बॉनेटच्या कडेची धूळ पुसलेली असेल, तर कुणीतरी नुकतंच आत डोकावलंय, कदाचित काही काढूनही नेलंय. काचेवरचा नोंदणीचा किंवा तपासणीचा चिकटपट्टा शेवटचं चालू वर्ष सांगतो. सीटखाली पेट्रोलची पावती मिळते, हातमोज्यांच्या कप्प्यात सर्व्हिसचं पुस्तक मिळतं. क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांमध्ये (डॉज त्यांचीच) तर कारखान्यातला कागदही सापडतो. कुठल्या गाडीत काय बसवायचं याची यादी कामगारांसाठी छापलेली असे. काम झालं की तो कागद कुणी सीटच्या स्प्रिंगांमध्ये खोचून देई, कुणी टाकीवर ठेवून देई. सीट उचलून जोरात व्हॅक्यूम मारला की हा पुरावा कचऱ्यात जातो.

नंबर वाचणं

पुरावा लागतो तो फसवणुकीमुळे. गाडीला एकदा किंमत आली की साध्या चार्जरला नाक आणि पंख लावून 'डेटोना' करणारे निघतातच. शिवाय अशा प्रत्येक गाडीबरोबर एक गोष्ट येते. कधी युद्धावर गेलेला मुलगा, कधी विधवेने जपलेली आठवण. गोष्ट खरी असू शकते, पण गोष्टीवर पैसे मोजणारा शहाणा नव्हे. गोष्टीला कागदाचा आणि नंबराचा आधार लागतो.

एक नंबर आपण वाचूनच बघू : ८ आर ०२ एस १२५५५९. पहिला ८ म्हणजे १९६८ सालची गाडी. आर म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सॅन होझे इथला कारखाना. ०२ म्हणजे उतरत्या पाठीची फास्टबॅक मस्टँग. एस म्हणजे ३९० घनइंचांचं, सुमारे ६.४ लिटरचं जीटी इंजिन. शेवटचे सहा आकडे म्हणजे त्या गाडीचा स्वतःचा क्रमांक. तोच क्रमांक इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर उतरलेला असेल, तर गाडीला 'नंबर जुळणारी' म्हणतात आणि तिचा भाव वाढतो. पोथीच्या शेवटी लेखकाने शक, तिथी, गाव आणि स्वतःचं नाव लिहावं, तसाच हा प्रकार.

आणि हा नंबर साधासुधा नाही. १९६८ सालच्या 'बुलिट' या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर जी हिरवी मस्टँग पळवली, तिचा हा नंबर. दहा मिनिटांहून जास्त चालणारा तो पाठलाग आजही सिनेमाच्या वर्गात दाखवतात. चित्रीकरणासाठी पाठोपाठच्या क्रमांकांच्या दोन गाड्या होत्या : ...५५८ आणि ...५५९. पहिली उड्या मारण्यासाठी, दुसरी मुख्यतः नायकाची. जणू पाठीला पाठ लावून जन्मलेल्या दोन बहिणी.

दोन बहिणी, दोन उपाय

धाकटी, म्हणजे ५५९, फिरत फिरत १९७४ साली न्यू जर्सीतल्या एका गृहस्थांकडे गेली. मासिकातली जाहिरात बघून त्यांनी ती ६,००० डॉलरना घेतली. त्यांच्या पत्नी शिक्षिका होत्या, त्या रोज हीच गाडी घेऊन शाळेत जायच्या! १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र पाठवून गाडी परत मागितली. कुटुंबाने दिली नाही. १९८० मध्ये क्लच गेला, गाडी उभी राहिली, आणि घराबरोबर गावं बदलत टेनेसी राज्यात जाऊन पोचली. कुटुंबाने कुणाला काही सांगितलं नाही. पुढे वडील वारले, मुलाने गाडी चालू केली आणि जानेवारी २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात ती जगासमोर आली. जानेवारी २०२० मध्ये, त्याच किसिमीच्या लिलावात, तिला ३४ लाख डॉलरची बोली लागली.

मुलाने काय केलं, हे इथे महत्त्वाचं आहे. यंत्र चालण्याजोगं केलं, पण अंगाला हात लावला नाही. फिका पडलेला हिरवा रंग, गंज, पोचे तसेच ठेवले. गाडीच्या डिकीच्या तळाला भोकं आहेत, चित्रीकरणाच्या वेळी जनरेटरच्या वायरींसाठी पाडलेली. खाली कॅमेरा बसवण्यासाठी वेल्डिंग करून जोडलेलं लोखंड आहे. एखाद्या उत्साही माणसाने 'कारखान्यातून आली तशी' करण्यासाठी ती भोकं बुजवली असती, ते लोखंड ग्राइंडरने उडवलं असतं आणि छान रंग मारला असता. गाडी सुंदर झाली असती, आणि ती 'बुलिट'मधली गाडी आहे हे सांगणाऱ्या खुणाच गेल्या असत्या. तिचे दोष हीच तिची ओळख होती.

थोरलीची कथा वेगळी. ५५८ उड्या मारून मारून खिळखिळी झाली आणि पुढे कित्येक वर्षं कुठे होती याचा थांग नव्हता. ती सापडली मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात, भंगारात. पांढरा रंग फासलेला, इंजिन नाही, नुसता सांगाडा. घेणाऱ्याचा बेत तिच्यापासून दुसऱ्याच एका चित्रपटातल्या मस्टँगची नक्कल करायचा होता. म्हणजे अस्सल मोडून नक्कल! पण काम सुरू झाल्यावर नंबर तपासला गेला, उड्या सोसाव्यात म्हणून केलेलं मजबुतीकरण दिसलं, आणि फोर्डच्या जुन्या नोंदींचे जाणकार केविन मार्टी यांनी २०१७ मध्ये खात्री दिली. मग नकलेचा बेत रद्द झाला आणि गाडी तिच्या मूळ रूपात आणण्याचं काम हाती घेतलं गेलं.

इथे मात्र दुरुस्ती हाच योग्य मार्ग होता असं मला वाटतं. जिथे मूळ रंग, मूळ इंजिन, मूळ आसन काहीच उरलं नाही, तिथे जपायचं काय? उरलेला पत्रा आणि त्या खुणा सांभाळून बाकीचं नव्याने उभारायचं. म्हणजे 'कधीच हात लावू नका' हा काही नियम नव्हे. आधी वाचा, मग ठरवा, एवढाच नियम आहे. जुन्या गाड्यांच्या लोकांत एक म्हणणं रुळलेलं आहे की कुठलीही गाडी मूळ स्वरूपात एकदाच असते. रंग पन्नास वेळा देता येतो, पण कारखान्याने दिलेला पहिला रंग परत आणता येत नाही. धूळ उद्याही पुसता येईल, पुसलेली धूळ मात्र परत घालता येत नाही. म्हणून घाई नको.

ग्लेनवूडच्या डेटोनाचंही हेच. विक्रेत्याने ती धुतली नाही, कारण घेणाऱ्याला लपवाछपवी नको होती. गंज कुठे, मूळ रंग कुठे, नंतरचा हात कुठे, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं होतं. पुढे काय करायचं तो निर्णयही त्याला विकत मिळाला.

आपल्या कपाटाविषयी

आता हे सगळं वाङ्मय मंडळाच्या अंकात का? कारण आपल्या मंडळाच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात जुन्या विद्यार्थ्यांनी काढलेले हस्तलिखित अंक आहेत. शाईच्या अक्षरांतल्या कविता, जलरंगातली मुखपृष्ठं, समासात सरांनी पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या, मध्येच एखादी बसची तिकीट-पट्टी. पावसाळ्यात खालच्या कप्प्याला ओल येते. यंदा आपण 'सफाई मोहीम' ठरवली आहे आणि सूचना अशी आली आहे की पानं कापून सारखी करावीत, पेन्सिलीच्या खुणा खोडाव्यात, नवी प्लास्टिकची आवरणं घालून छान बाइंडिंग करावं.

भावना चांगली आहे. माझी विनंती एवढीच की क्रम बदलू या. पहिल्या दिवशी फक्त कपाट ओलीपासून दूर, कोरड्या भिंतीला हलवू. मग प्रत्येक अंकाचे, आहे त्या स्थितीत, फोटो काढू. वर्ष, संपादक, लेखक, पानांची संख्या आणि आत सापडलेली प्रत्येक चिठ्ठी वहीत नोंदवू. समासातली पेन्सिल खोडायची नाही, कारण कवितेची दुसरी ओळ आधी काय होती हे फक्त तीच सांगते. जे अंक धड आहेत ते नुसते कोरडे ठेवू. ज्यांची पानं सुटून भुगा होत आहेत तेवढेच बाइंडरकडे देऊ, तेही पानं न कापण्याच्या अटीवर.

शनिवारी दुपारी तीन वाजता खोली उघडतोय. मोबाइल चार्ज करून आणा, एक कोरी वही आणा. फडकं आणू नका.